वगळायचे शब्द

सात गावं, सात ग्रुप, तीन महिन्यांची बडबड
एका पेनड्राइव्हवर घालून रेंज ऑफिसनं दिली
आणि म्हटलं, मांदाळे मॅडम, याचं चित्र काढा.
जो शब्द जास्त वेळा, तो मोठा.
लोक कशाला भितात ते एका पानात दिसलं पाहिजे,
साहेबांना बुधवारी नागपूरला जायचं आहे.

कीवर्ड वरूनच आलेले:
वाघ, बिबट, हल्ला, पंजा, भरपाई.

लाईन नव्हती. बॅटरी एक्केचाळीस टक्के.
पळसटोलीचं चित्र हळूहळू उगवलं.
मधोमध म्हशीएवढा शब्द, लाईन,
तिच्या पाठीवर गेली, पोटाखाली आली.
डावीकडे धान, चुकारा, बोनस.
कोपऱ्यात मान मोडून उभं नाटक,
आणि सगळीकडे कोंड्यासारखं उडालेलं
हाव, काहून, जी, बापा.

वगळायच्या शब्दांची यादी पुण्यातल्या कोणीतरी केली असावी.
तिच्यात होय होता, का होता, आहे होता.
आमचा हाव तिला माहीतच नव्हता,
म्हणून वाचला.
एवढा मोठा हाव मी जन्मात पाहिला नव्हता.
एकटीच हसले.

मग खाली पाहिलं. वाघ: शून्य.

शून्य, पळसटोलीत.
जिथून होळीच्या आधी वच्छला गुरनुले
झाडूचं गवत कापायला गेली
आणि संध्याकाळी माणसांनी
तिचा विळा आणला, एक चप्पल आणली.

साहेब फोनवर म्हणाले, उत्तम.
मग त्या गावाला हिरवा रंग द्या.

रात्री मी मूळ फाइल उघडली.
मोजायला नाही, वाचायला.

पहाटे ५.१२, देवाजी नन्नावरे: तो बांधीत बसून आहे
५.१४, सिंधू मोहुर्ले: कोनाच्या
५.१४: आपल्याच
५.२०: लेकरायले बाहेर नोको सोडू
५.३१: गेला का
५.३१: नाई जी. पाहून राहिला
५.५०: मीडिया वगळला
५.५२: हाव तोच

माझे बाबा वनमजूर होते.
दिवस बुडाला की त्याचं नाव घेत नसत.
नाव घेतलं की त्याला वाटतं, बोलावलं.
आई बाबांचंही नाव घेत नसे.
आमच्या घरात भीती आणि माया
दोन्ही सर्वनामातच राहायच्या.

आणि तो, यादीत चौथा.
अर्थ नसलेला शब्द.
मशीन त्याला मोजायच्या आधीच
पाचोळ्यासारखं झाडून टाकतं.

मी चौथी ओळ पुसली. परत चालवलं.

लाईन कडेला सरकली.
धान, चुकारा, नाटक भिंतीला पाठ लावून उभे.
मधे तो, आठशे बारा वेळा.
रंग मशीनचं मशीनच निवडतं.
त्यानं करडा दिला.

खरं सांगायचं तर सगळे तो तो नव्हते.
एक तो ठेकेदार होता,
एक तो नाटकातला हिरो, ज्याचा मेकअप चांगला नव्हता,
एक तो कोण्या पोरीचा, चुकून ग्रुपवर पडलेला:
तो आज पन नाई बोलला,
आणि लगेच, हा मेसेज डिलीट केला.
कोणता कोणता, हे मशीनला विचारून फायदा नाही.
मला एवढंच कळलं,
वाक्य जिथं अर्धंच सुटलेलं
तिथला तो, तोच.

बुधवारी साहेबांनी चित्र आडवं धरलं, उभं धरलं.
हा तो कोण? याचा फुल फॉर्म काय?
मी म्हटलं, सर, वाघ.
मग तसं लिहा ना, म्हणाले,
आणि गाडीत बसले.

सहाची शेवटची बस चुकली.
स्कूटी काढली तेव्हा नाक्यापुढचा रस्ता
अंधारात गेलेला.
भावाचा मेसेज आला:
ताई थांब तिथंच. तो मोरीवर आहे

मी लिहिलं, हाव.